नोकरी लागली, पुढे काय?

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात दिलेले व्याख्यान)



गुणगौरवाच्या कार्यक्रमात बोलणाऱ्याने अभ्यासाविषयी, स्पर्धा परीक्षांविषयी बोलावे अशी अपेक्षा असते. या व्यासपीठावरून त्या विषयांवर पुष्कळ बोलले गेले आहे आणि त्याचा उपयोगही झाला आहे. आज आम्ही त्याच्या पुढच्या टप्प्याविषयी बोलणार आहोत. नेमणुकीचे पत्र येते, घरी पेढे वाटले जातात, आणि मुलगा किंवा मुलगी पहिल्या दिवशी कार्यालयाच्या दारात जाऊन उभी राहते. त्या दिवसापासून दोन-तीन वर्षांत जे घडते त्यावर पुढची तीस वर्षे कशी जातील हे बरेचसे ठरते. त्या काळात काम दाखवणारे कोणी असले तर काय होते, नसले तर काय होते, आणि असे माणूस नेमण्यात त्या कार्यालयाचा, कारखान्याचा, कंपनीचा स्वतःचा काय लाभ, हा आजचा विषय.

इंग्रजीत याला मेंटरिंग म्हणतात. हा शब्द ग्रीक महाकाव्यातून आला. ओडिसियस राजा युद्धाला जाताना आपला मुलगा मेंटर नावाच्या मित्राच्या हवाली करून गेला, अशी ती कथा. गंमत अशी की त्या कथेत मुलाला वाट दाखवते ती अथीना देवी, मेंटरचे रूप घेऊन! म्हणजे मूळच्या मेंटरने स्वतः फारसे काही केले असे दिसत नाही. ते असो. आपण साधा ‘मार्गदर्शक’ हा शब्द वापरू. कामाच्या ठिकाणचा अनुभवी माणूस नव्या माणसाला कामाची, त्या जागेची आणि तेथील माणसांची ओळख करून देतो, काही काळ त्याच्या पाठीशी उभा राहतो, एवढाच अर्थ आम्हाला अभिप्रेत आहे.

कोणी म्हणेल, यात नवीन ते काय? प्रत्येक जण काम करता करताच शिकतो. हे अर्धे खरे आहे. ज्याचे आजोबा मामलेदार कचेरीत होते, वडील बँकेत आहेत, मावशी मंत्रालयात आहे, तो मुलगा नोकरीला लागण्याआधीच पुष्कळ शिकलेला असतो. साहेबाला टिपणी कशी आवडते, रजेचा अर्ज कधी द्यावा, कोणती विभागीय परीक्षा पहिल्याच वर्षी देऊन टाकावी, बदलीच्या वेळी कोणाला भेटावे, हे सारे त्याने रात्रीच्या जेवणात वरणभाताबरोबर ऐकलेले असते. त्याला मार्गदर्शक घरातच मिळाला, म्हणून त्याला मार्गदर्शकाची गरजच नव्हती असे आपल्याला वाटते. आपल्यापैकी कित्येकांच्या घरात मात्र नोकरी करणारी ही पहिलीच पिढी, फार तर दुसरी. वडिलांनी रेल्वेत, नगरपालिकेत किंवा गोदीत अंगमेहनतीने आयुष्य काढले. त्यांनी मुलाला प्रामाणिकपणा दिला, कष्ट करण्याची सवय दिली. पण नस्ती कोणत्या टेबलावरून कोठे जाते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते, तर ते मुलाला कोठून सांगणार?

अश्विनी देशपांडे आणि कॅथरीन न्यूमन या दोन अभ्यासक महिलांनी दिल्लीच्या विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. तो २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये प्रसिद्ध झाला. तेच विद्यापीठ, तसेच शिक्षण, आणि तरीही इतर विद्यार्थ्यांच्या मागे नोकरीची माहिती देणारे, ओळख करून देणारे नात्यागोत्याचे जाळे होते. दलित विद्यार्थ्यांच्या मागे ते फारसे नव्हते. मुलाखतीत ‘घरची पार्श्वभूमी काय?’ असा प्रश्न विचारला जाई आणि तेथेच ही मुले अडखळत. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या गुणपत्रिकेत काही कमी आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. गुणपत्रिकेबाहेरचे जे काही लागते ते तुमच्यापर्यंत पोहोचलेले नाही, एवढाच याचा अर्थ.

आणि हे आजचे नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांचे उदाहरण घ्या, कारण आपल्यापैकी अनेकांच्या घराचा इतिहास त्यात आहे. गिरणीत साच्यावर काम शिकण्यासाठी बहुतेक कामगार कोणत्याही शाळेत गेले नव्हते. बदली म्हणून येणारा पोरगा भावाच्या, मामाच्या, गाववाल्याच्या साच्याशेजारी उभा राही. तुटलेला धागा कसा जोडायचा, धोट्यात कांडी कशी बसवायची हे पाहून पाहून शिके आणि एके दिवशी स्वतः साचा चालवू लागे. ही मार्गदर्शनाचीच पद्धत होती आणि ती उत्तम चाले. पण विणाई खात्याचे दार अस्पृश्य कामगाराला बंद होते. कारण काय? धोट्याच्या भोकातून धागा ओढून घेण्यासाठी तो तोंडाने चोखावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धोट्याला तोंड लावायला सवर्ण कामगार तयार नव्हते. विणाई खात्यात पगार जास्त होता. आपली माणसे राहिली कमी पगाराच्या खात्यांत. १९२८च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला आणि विणाई खात्यात प्रवेशाचा हक्क मागितला. आम्ही हा इतिहास एवढ्यासाठी सांगितला की, गिरणीच्या नियमपुस्तकात अशी बंदी लिहिलेली असण्याची गरजच पडली नाही. साच्याशेजारी उभे राहू देणारा, शिकवणारा माणूस मिळाला नाही की बंदी आपोआप होते.

आता मार्गदर्शक नेमके काय करतो ते पाहू. कॅथी क्रॅम नावाच्या अमेरिकन विदुषीने कंपन्यांतील ज्येष्ठ-कनिष्ठांच्या जोड्यांशी प्रत्यक्ष बोलून या विषयाचा बारकाईने अभ्यास केला व १९८५ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांच्या मते मार्गदर्शकाचे काम दुहेरी असते. एक बाजू नोकरीतील प्रगतीची: काम शिकवणे, अवघड काम विश्वासाने सोपवणे, वरिष्ठांच्या नजरेस आणणे, पदोन्नतीच्या वेळी शब्द टाकणे आणि प्रसंगी अंगावर येणारे संकट स्वतःवर घेणे. दुसरी बाजू मनाची: आपल्या वागण्याने उदाहरण घालून देणे, नव्या माणसाचे ऐकून घेणे, ‘तू येथे हवा आहेस’ ही खात्री त्याला देणे. पहिली बाजू सगळ्यांना कळते. दुसरीकडे आमच्या अनुभवानुसार दुर्लक्ष होते, आणि पहिल्या पिढीच्या नोकरदाराला खरी गरज तिचीच असते. ‘कोट्यातून आला’ असे कुजबुजणारे दोन जण खोलीत असतात, तेव्हा तिसऱ्याने नुसते शेजारी बसून डबा खाल्ला तरी त्याची किंमत फार मोठी असते.

‘संकट स्वतःवर घेणे’ म्हणजे काय, याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण आपल्याच देशातले आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडलेले एस.एल.व्ही.-३ हे यान समुद्रात कोसळले. प्रकल्पाचे प्रमुख होते ए. पी. जे. अब्दुल कलाम. इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन पत्रकारांसमोर स्वतः गेले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्या शिरावर घेतली. पुढे १८ जुलै १९८० रोजी तेच यान यशस्वी झाले आणि रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचला, तेव्हा धवन यांनी कलामांना सांगितले, आता पत्रकारांना तुम्ही सामोरे जा. कलाम ही आठवण शेवटपर्यंत सांगत असत. अपयशाच्या वेळी पुढे आणि यशाच्या वेळी मागे उभे राहणारा असा वरिष्ठ किती जणांना मिळतो? बहुतेकांना याच्या नेमके उलट मिळतो. पण यात इस्रोचे काय झाले पाहा. पहिल्याच अपयशानंतर कलामांना दूर सारले असते, तर त्या अपयशातून जे शिकायला मिळाले ते घेऊनच ते गेले असते. संस्थेने आपला माणूसही राखला आणि त्याचे शिक्षणही राखले.

मार्गदर्शनाचे लाभ मोजले गेले आहेत का, असे विद्यार्थी विचारतील. गेले आहेत. टॅमी अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून तपासले. मार्गदर्शक लाभलेल्यांचे पगार व पदोन्नत्या इतरांहून सरस आढळल्या, पण हा फरक लहान होता. कामातील समाधान, पुढे जाऊ हा विश्वास, या बाबतींत फरक अधिक दिसला. आम्हाला हा निष्कर्ष प्रामाणिक वाटतो. मार्गदर्शक मिळाला की साहेबाची खुर्ची मिळाली, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. मात्र जो समाधानाने टिकून राहतो तोच पुढची परीक्षा देतो, पुढचे काम मागून घेतो.

सरकारी नोकरीत माहितीचीच किंमत किती असते याचे एक उदाहरण देतो. आपल्या सभासदांत सरकारी व निमसरकारी कर्मचारी बरेच आहेत, त्यांना हे पटेल. पूर्वी गोपनीय अहवालात वरिष्ठ काय शेरा मारतात हे कर्मचाऱ्याला कळत नसे. शेरा प्रतिकूल असेल तरच तो कळवीत. ‘चांगला’ हा शेरा प्रतिकूल नाही, म्हणून तो कळवायचा नाही. आणि पदोन्नतीसाठी मात्र पाचही वर्षे ‘अतिशय चांगला’ हवा! सीमा रस्ते संघटनेतील एक कार्यकारी अभियंता, देव दत्त, यांची पदोन्नती अशीच हुकली. १९९३-९४च्या अहवालात ‘चांगला’ लिहिले होते आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या खटल्यात निर्णय दिला की, लष्कर वगळता इतर सरकारी सेवेत अहवालातील प्रत्येक नोंद, मग ती चांगली असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. त्यानंतर मे २००९ मध्ये केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना संपूर्ण अहवाल दाखवण्याचा आणि त्यावर म्हणणे मांडण्यासाठी १५ दिवस देण्याचा आदेश काढला.

हक्क मिळाला. पण अहवाल हाती आल्यावर त्यातले कोणते वाक्य पुढे आडवे येणार आहे, हे नव्या माणसाला कसे कळावे? ‘सोपवलेले काम करतो’ हे वाक्य वाचून तो खूश होतो. पंधरा दिवस निघून जातात. ज्याने वीस अहवाल पाहिले आहेत असा ज्येष्ठ सहकारी ते वाक्य वाचताक्षणी सांगेल, ‘अरे, हे कौतुक नाही. यात पुढाकाराविषयी काहीच लिहिलेले नाही. आजच बसून केलेल्या कामांची यादी कर आणि निवेदन दे.’ तीच गोष्ट खात्यांतर्गत परीक्षांची. महसूल खात्यात दुय्यम सेवा परीक्षा आहे, महसूल अर्हता परीक्षा आहे, त्यांना मुदत आणि संधींची मर्यादा आहे, आणि वेळेत उत्तीर्ण न झाल्यास सेवाज्येष्ठतेला धक्का बसतो. बँकेत जे.ए.आय.आय.बी. आणि सी.ए.आय.आय.बी. या परीक्षा आहेत, त्या उत्तीर्ण झाल्यास वेतनवाढ मिळते. या गोष्टी काही गुप्त नाहीत, परिपत्रकात छापलेल्या असतात. पण परिपत्रक कपाटात असते आणि नवा माणूस टपालाच्या ढिगाऱ्यात असतो.

आतापर्यंत व्यक्तीच्या लाभाविषयी बोललो. संस्थेला काय मिळते? अनेक अधिकाऱ्यांना मार्गदर्शन हे परोपकाराचे काम वाटते. वेळ असेल तर करावे, नसेल तर राहू द्यावे. आमचे म्हणणे असे की हा संस्थेच्या रोखठोक हिशेबाचा विषय आहे. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांचे पाहा. २०००-०१ या काळात स्वेच्छानिवृत्ती योजनेखाली सुमारे एक लाख कर्मचारी व अधिकारी बँकांतून बाहेर पडले. त्यांच्याबरोबर काय गेले? कोणता व्यापारी दिवाळीआधी पैसे उचलतो व संक्रांतीला फेडतो, कोणत्या शेतकऱ्याची थकबाकी दुष्काळामुळे आहे आणि कोणाची सवयीमुळे, कोणती सही पुन्हा तपासावी, हे कोठल्याही खातेवहीत लिहिलेले नसते. ते ज्या माणसाच्या डोक्यात होते तो माणूस हारतुरे घेऊन घरी गेला. नवी भरती त्याआधी बराच काळ थंडावलेली होती, त्यामुळे शेजारी उभे राहून शिकणारे तरुणही अनेक शाखांत नव्हते. इमारत तीच, फलक तोच, पण शाखेची स्मरणशक्ती गेली. निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या माणसाजवळ एक नवा माणूस बसवणे, याच्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

कारखान्यात तर हा जिवाचाच प्रश्न असतो. कोणत्या यंत्राचा आवाज बदलला की हात मागे घ्यायचा हे जुना फिटर जाणतो. १९६१चा शिकाऊ उमेदवार कायदा याच जाणिवेतून आला. वर्गात शिकलेले हात प्रत्यक्ष यंत्रावर जाण्याआधी कोणाच्या तरी देखरेखीखाली तयार व्हावेत, ही त्यामागची दृष्टी आहे. ज्या कारखान्यात उस्ताद मनापासून शिकवतो तेथे उमेदवार तयार होतो. जेथे उमेदवार म्हणजे कमी पैशात मिळालेला हेल्पर समजला जातो तेथे वर्षभर झाडू मारून तो प्रमाणपत्र घेऊन जातो, आणि कारखान्यालाही शेवटी काही लाभत नाही.

आणखी एक लाभ आहे, तो आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. फ्रँक डॉबिन व अलेक्झांड्रा कालेव या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील ७०८ खाजगी आस्थापनांची १९७१ ते २००२ या काळातील माहिती तपासली. कृष्णवर्णीयांना व स्त्रियांना व्यवस्थापनात अधिक जागा मिळाव्यात म्हणून कंपन्या जे उपाय करीत होत्या, त्यांपैकी कोणते उपयोगी पडले, असा त्यांचा प्रश्न होता. ‘भेदभाव करू नका’ असे सांगणारी शिबिरे सर्वांत कमी उपयोगी ठरली. कोणावर तरी नेमकी जबाबदारी टाकली तेथे सर्वाधिक फरक पडला. मार्गदर्शनाच्या योजनांचा परिणाम तेव्हा बेताचा दिसला, पण त्याच अभ्यासकांनी २०१६ साली लिहिलेल्या लेखात कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक व आशियाई वंशाच्या स्त्रियांचे आणि हिस्पॅनिक व आशियाई वंशाच्या पुरुषांचे व्यवस्थापनातील प्रमाण अशा योजनांमुळे सरासरी ९ ते २४ टक्क्यांनी वाढल्याचे नमूद आहे. याचे त्यांनी दिलेले कारण विचार करण्यासारखे आहे. वरिष्ठ माणूस कोणाला तरी शिकवतो, त्याच्यासाठी खटपट करतो, तेव्हा हा मुलगा किंवा ही मुलगी या संधीला पात्र आहे असे त्याचे स्वतःचेच मत होत जाते. भाषण ऐकून जो पूर्वग्रह हलत नाही तो शिकवता शिकवता गळून पडतो.

येथे कोणी हळूच म्हणेल, म्हणजे हा वशिलाच की! नाही. वशिल्याने माणूस खुर्चीवर बसतो, आणि काम येत नाही हे झाकण्यासाठी त्याला पुन्हा वशिलाच लागतो. मार्गदर्शक आधी काम शिकवतो, मग शब्द टाकतो. वशिला चोरून लावतात. मार्गदर्शन उघडपणे, साऱ्या खात्यासमोर करता येते, किंबहुना तसेच केले पाहिजे.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. आपल्याला मार्गदर्शक म्हणून आपलाच माणूस हवा, इतर लोक कशाला शिकवतील, असे आपले तरुण म्हणतात. त्यांचे अनुभव कटू असतात, ते आम्ही नाकारीत नाही. पण आपलाच माणूस वर आहे कोठे? २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातील १,००० आघाडीच्या कंपन्यांच्या संचालक मंडळांवर पुढारलेल्या जातींचे ९२.६ टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींचे मिळून ३.५ टक्के सदस्य आढळले. खाजगी क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्याने आपल्याच माणसाची वाट पाहायची ठरवली तर त्याची नोकरी वाट पाहण्यातच संपेल. बाबासाहेबांचे उदाहरण आपल्याला पाठ आहे. कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी त्यांना पुस्तके दिली, सयाजीराव महाराजांपर्यंत नेले. महाराजांनी शिष्यवृत्ती दिली. कोलंबिया विद्यापीठात प्रा. सेलिग्मन लाभले. यांपैकी आपल्या समाजातला एकही नव्हता.

पण त्याच चरित्रातले पुढचे पानही वाचले पाहिजे. १९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. स्वतः महाराज पाठीशी होते. याहून मोठा पाठीराखा कोणाला मिळणार? तरीही कार्यालयातील शिपाई त्यांच्या टेबलावर दुरून कागद फेकीत, त्यांना प्यायला पाणी मिळत नसे, आणि राहत्या जागेतून त्यांना अकराव्या दिवशी हाकलले गेले. अमेरिकेतील एवढे शिक्षण घेतलेल्या माणसाला थोड्याच दिवसांत बडोदे सोडावे लागले. जातीचा विखार हे त्याचे मूळ कारण, यात शंका नाही. पण मार्गदर्शनाच्या योजना आखणाऱ्यांनी यातून एक गोष्ट टिपून ठेवावी: हुकूम राजवाड्यातून निघाला होता, आणि शेजारच्या टेबलावर एकही माणूस आपला म्हणावा असा नव्हता. आजही व्यवस्थापकीय संचालक परिपत्रक काढतात, फोटो छापून येतो, आणि नवा माणूस आपल्या टेबलावर एकटाच असतो. म्हणून मार्गदर्शक दोन पायऱ्या वरचा, रोज भेटणारा असावा. आणि तोच त्याचा अहवाल लिहिणारा साहेब नसावा, कारण जो अहवाल लिहिणार आहे त्याच्याजवळ ‘मला हे येत नाही’ असे कोणी मोकळेपणाने म्हणत नाही.

या नात्याला खोडीही आहेत. काही ज्येष्ठ मंडळी शिकवण्याच्या नावाखाली घरचे वीजबिल भरायला पाठवतात. काही जण शिष्याचे काम आपल्या नावावर खपवतात. काहींना शिष्य मोठा झालेला सोसत नाही. क्रॅमबाईंनीही लिहिले आहे की या नात्यात वेगळे होण्याचा काळ येतोच आणि तो यावाच. मुलींच्या बाबतीत प्रश्न नाजूक होतो. वरिष्ठ पुरुषाकडून शिकताना लोक काय म्हणतील या भीतीने कित्येक मुली शिकायचेच टाळतात, आणि नुकसान त्यांचेच होते. दोघी-तिघींना मिळून एक मार्गदर्शक द्यावा, भेटी कामाच्या वेळेत व चारचौघांत व्हाव्यात, शक्य तेथे अनुभवी महिला कर्मचारी असावी. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३चा कायदा आहे आणि त्यानुसार तक्रार समिती कोठे बसते, हे मार्गदर्शकाने पहिल्याच आठवड्यात सांगावे. हे सांगण्यात संकोच कसला?

शिकणे एकतर्फी असते असेही नाही. जनरल इलेक्ट्रिक या कंपनीचे प्रमुख जॅक वेल्च यांनी १९९९ साली आपल्या सुमारे ५०० वरिष्ठ अधिकाऱ्यांना तरुण कर्मचाऱ्यांकडून इंटरनेट शिकून घ्यायला लावले. आपल्याकडे ई-ऑफिस आले तेव्हा हेडक्लार्कना संगणक कोणी शिकवला? कालच्या आलेल्या पोरांनीच. ज्या कार्यालयात त्या मोबदल्यात हेडक्लार्कने पोरांना टिपणी लिहायला शिकवले तेथे दोघांचेही भले झाले.

आता कायम नोकऱ्या कमी आणि कंत्राटी जास्त, ही वस्तुस्थिती आहे. कंत्राटावर अकरा महिन्यांसाठी आलेल्याला कोण शिकवणार? राज्य शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. तेव्हा बारावी उत्तीर्णांना महिना ६,००० रुपये, आय.टी.आय. व पदविकाधारकांना ८,००० रुपये आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. या किंवा अशा कोणत्याही योजनेखाली कार्यालयात गेलेल्या मुलाला विद्यावेतनाइतकेच महत्त्व शिकण्याला देता आले पाहिजे. झेरॉक्स काढण्यात महिने घालवू नका. ‘आवक-जावक मी पाहीन, पण आठवड्यातून एकदा मला टिपणी लिहू द्या आणि ती तपासून द्या,’ असे नम्रपणे पण स्पष्ट सांगा. मार्गदर्शक नेमून मिळाला नाही तर मागून घ्यावा लागतो. मागताना ‘मला मार्गदर्शन करा’ असे मोघम म्हणू नका. एक कागद पुढे ठेवा आणि विचारा, ‘यात काय चुकले?’ असे विचारणाऱ्याला नाही म्हणणारे लोक आम्ही फार थोडे पाहिले आहेत.

आता आपल्या संस्थेविषयी. आपले सभासद रेल्वेत आहेत, बँकांत, विमा महामंडळात, महापालिकेत, वीज कंपन्यांत, आयुध निर्माणीत आणि आता संगणक कंपन्यांतही आहेत. यंदापासून संस्था एक नोंदवही ठेवीत आहे. प्रत्येक ज्येष्ठ सभासदाने आपले खाते, हुद्दा, कोणत्या खात्यांतर्गत परीक्षा दिल्या आणि महिन्यातला कोणता रविवार मोकळा आहे, एवढे त्यात लिहायचे आहे. निवृत्त सभासदांनी तर अवश्य लिहावे. एकाने एकालाच घ्यावे, मुदत सहा महिन्यांची, आणि जोडी जमली नाही तर कोणताही रुसवा न धरता बदलून मिळेल. पहिल्या भेटीत नेमणुकीचे पत्र व सेवा नियम सोबत बसून वाचावेत, दुसऱ्या भेटीत परीक्षांचे वेळापत्रक लिहून काढावे, पुढचे ज्याचे त्याने ठरवावे. कामाच्या ठिकाणच्या मार्गदर्शकाची जागा यातून भरून निघणार नाही. पण तो मिळेपर्यंत विचारायला एक दार तरी राहील.

नोंदवही चहाच्या टेबलाशेजारी ठेवली आहे. डाव्या पानावर ज्येष्ठांनी व उजव्या पानावर विद्यार्थ्यांनी लिहावे. सकाळपासून उजवे पान भरून पुढचे सुरू झाले आहे. डाव्या पानावर अद्याप जागा आहे.